विजेने भाजलेला हात : पहिल्या रात्रीपासून दीड वर्षापर्यंत

विजेचा शॉक बसलेला पेशंट वॉर्डात आला की सोबतचे लोक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "तसं फार नाही भाजलं." दिसायला खरंच तसं असतं. मनगटाजवळ रुपयाएवढा करडा, आत दबलेला डाग, बोटं थोडी आकडलेली, बाकी हात जिथल्या तिथे. शेजारच्या खाटेवर स्टोव्हच्या भडक्यात निम्मं अंग भाजलेलं माणूस असतं. त्याच्याकडे बघून आपला पेशंट सुदैवी वाटतो. मग चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, अजून कापावं लागेल. पाचव्या दिवशी घरात भांडण लागतं, की याला इथे आणायचं कुणी ठरवलं होतं.

मी भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे हे भांडण बऱ्याचदा ऐकलंय. त्यात चूक सहसा कुणाचीच नसते. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून हे टप्पे लिहून काढतेय. कोणतं ऑपरेशन करायचं ते तुमचे प्लास्टिक सर्जनच ठरवतील. कशाची वाट बघायची, काय विचारायचं आणि घरच्यांनी काय करायचं, तेवढं इथे सापडेल.

वीज हाताचं करते काय

घरातली वीज २३० व्होल्टची, विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीची ४४०च्या घरातली, आणि गावच्या डीपीवर येणारी लाइन ११,००० व्होल्टची. हजाराच्या वरच्या शॉकला डॉक्टर हायव्होल्टेज म्हणतात. या लेखातलं बरंचसं त्याच पेशंटबद्दल आहे, कारण हाताची खरी वाट तिथे लागते.

"तारेला चिकटला" असं आपण म्हणतो. तार चिकटवत नाही. मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. करंट गेला की दोन्ही एकदम आखडतात आणि मिटणारे जिंकतात. माणूस स्वतःच्याच मुठीत अडकतो, आणि जितका वेळ अडकतो तितकी आत उष्णता वाढत जाते. मनगट हा हाताचा सगळ्यात अरुंद भाग. तळहाताला संवेदना देणाऱ्या नसा, बोटं वाकवणारे दोरे म्हणजे टेंडन आणि रक्तवाहिन्या, सगळं त्या बोळातून जातं. सगळा करंटही तिथूनच जातो. हाड विजेला सर्वांत जास्त अडवतं, म्हणून तेच सर्वांत तापतं आणि त्याला लागून असलेला खोलवरचा स्नायू शिजतो. वरची कातडी मात्र शाबूत दिसते. शिवाय आतल्या रक्तवाहिन्यांमध्ये पुढचे काही दिवस गुठळ्या होत राहतात. पहिल्या दिवशी जिवंत दिसलेला स्नायू चौथ्या दिवशी मेलेला निघतो तो यामुळे. पाचव्या दिवसाचं भांडण इथेच मिटायला हवं.

पहिला टप्पा : जागेवर आणि दवाखान्यापर्यंत

आधी वीज बंद. घरात असेल तर मेन स्विच पाडा, मगच हात लावा. बाहेरच्या लाइनवर असेल तर कोरडी काठी, रबरी चप्पल असल्या गोष्टींवर विसंबू नका. ११,००० व्होल्टला त्या पुरत नाहीत. महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब राहा. माणूस श्वास घेत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ला फोन लावा. वाळूत किंवा शेणात पुरून ठेवलं की "करंट उतरतो" ही समजूत अजून गेलेली नाही. करंट अंगात साठून राहत नाही, त्यामुळे उतरवायला काही नसतं. जातो तो वेळ.

अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला गंडा लगेच काढा, निघत नसेल तर कापा. तासाभरात हात इतका सुजतो की मग तेच फास बनतात. टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काही लावू नका. स्वच्छ कोरड्या कापडात हात गुंडाळा. अपघाताची वेळ आणि कोणत्या लाइनवर झाला ते एका कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवा. दवाखान्यात हा प्रश्न निदान पाच जण विचारतील.

माणूस उठून चालू लागला, बोलू लागला, तरी दवाखाना टाळायचा नाही. हृदयाचे ठोके बिघडलेत का ते ईसीजीशिवाय कळत नाही.

दुसरा टप्पा : पहिली रात्र

या रात्री दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही बघून घरचे घाबरतात.

पहिली लघवीची. मेलेल्या स्नायूंमधलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकसारखी होते. तेच रंगद्रव्य किडनीत अडकून ती बंद पाडू शकतं. म्हणून सलाईनचा मारा चालतो, लघवीची नळी घालतात आणि मोठ्या माणसात तासाला ७५ ते १०० मिलिलिटर लघवी व्हावी असं बघतात. ती पिशवी तुमच्याही डोळ्यांसमोर असू द्या. रंग पुन्हा गडद झाला किंवा लघवी कमी पडली तर सिस्टरांना हाक मारा.

दुसरी गोष्ट चिरा देण्याची. पुढच्या हाताचे स्नायू एका चिवट आवरणात घट्ट बसलेले असतात. ते सुजले की बाहेर फुगायला जागा नसते, मग आतला दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतो. खुणा लक्षात ठेवा : हात दगडासारखा कडक लागतो, बोटं वाकलेली राहतात, आणि कुणी ती हळूच सरळ केली की पेशंट किंचाळतो. मनगटाची नाडी लागत असली तरी हे चालू असू शकतं. उपाय एकच, कोपरापासून तळहातापर्यंत लांब चीर देऊन आवरण मोकळं करणं. याला फॅशिओटॉमी म्हणतात. ती काही तासांच्या आत व्हावी लागते. सहा तास उलटले की स्नायू आणि नसा कायमच्या जायला लागतात. "जिथे भाजलंच नव्हतं तिथे का चिरलं?" असं विचारणारे भाऊ, काका दर महिन्याला भेटतात. चीर नंतर बंद करता येते. त्या रात्री सहीसाठी घरच्या कर्त्या माणसाची वाट बघत बसू नका, तेवढं मी हात जोडून सांगेन.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, तेही विचारा.

तिसरा टप्पा : सफाई

वॉर्डात सगळे याला सफाईच म्हणतात, कागदावर डिब्राइडमेंट. भूल देऊन मेलेला भाग काढायचा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा उघडून बघायचं, आणखी मेलं असेल तर तेही काढायचं. दोनदा, तीनदा, कधी चारदा. सर्जन स्नायूला चिमटा लावून बघतात : लाल आहे का, कापल्यावर रक्त येतं का, आकसतो का. तिन्हीला नाही असेल तर तो ठेवून उपयोग नसतो, कारण मेलेल्या मांसात जंतू वाढतात आणि ते अंगभर पसरतात.

हात काढण्याचा विषय निघालाच तर याच काळात निघतो. तेव्हा नेमकेपणाने विचारा : कुठल्या पातळीवर, का, आणि थांबलो तर काय होईल? कोपर वाचलं तर पुढे कृत्रिम हात वापरणं पुष्कळ सोपं जातं, म्हणून पातळीचा प्रश्न महत्त्वाचा. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर बेलाशक घ्या, फक्त त्यात दोन दिवस घालवू नका. काळा पडून वाळलेला पंजा मालिशने परत आलेला मी आजवर पाहिलेला नाही.

या दिवसांत पेशंटला खायला घाला. अंडी, डाळ, दूध, मासे, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात चालतं ते. जखम भरायला प्रथिनं लागतात. "ताप आहे, पेज द्या" या जुन्या सल्ल्यापायी कितीतरी पेशंट महिनाभरात हाडाची काडी झालेले बघितलेत.

चौथा टप्पा : झाकण

जखम स्वच्छ झाली की तिच्यावर कातडी आणायची. इथे दोन शब्द रोज कानावर पडतील, ग्राफ्ट आणि फ्लॅप, आणि त्यांतला फरक कळला तर निम्मा गोंधळ संपेल.

ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून सोललेला कातडीचा पातळ पापुद्रा. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ज्या जागेवर टाकाल तिथूनच तो जगतो. खाली लाल, ओला, जिवंत स्नायू असेल तर पाचेक दिवसांत धरतो. पण विजेच्या हातात मनगटावर उघडं हाड आणि उघडे दोरे असतात. त्यांच्यावर ग्राफ्ट टाकणं म्हणजे कातळावर भात पेरणं.

म्हणून फ्लॅप : कातडी, तिच्याखालची चरबी आणि तिला पोसणारी रक्तवाहिनी, सगळं एकत्र. हातासाठी सगळ्यात जुना भरवशाचा फ्लॅप जांघेतला. ग्लासगोच्या मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ साली त्याचं वर्णन केलं आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत आजही तो रोजच्या कामातला आहे. कोकणातल्या वाचकांना तो एका वाक्यात समजेल : ही भेट कलम आहे. हापूसचं भेट कलम बांधताना रोप मूळ झाडाजवळ नेतात, फांदीला बांधतात, दोन्हींचा जीव एक झाला की फांदी मूळ झाडापासून तोडतात. इथे हात जांघेजवळ नेऊन तिथल्या कातडीच्या पट्टीला शिवतात. तीन आठवड्यांत हाताकडून नवा रक्तपुरवठा सुरू होतो. मग पट्टी जांघेपासून तोडायची.

काही ठिकाणी मांडीचा तुकडा रक्तवाहिनीसकट पूर्ण सुटा करून हातातल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. त्याला फ्री फ्लॅप म्हणतात. हात बांधून ठेवावा लागत नाही हा मोठा फायदा. पण शॉकच्या हातातली रक्तवाहिनी दिसते त्याच्या बरीच वरपर्यंत दुखावलेली असू शकते, आणि अशा नळीला जोडलेला फ्लॅप बंद पडण्याची भीती असते. त्यामुळे तुमच्या सर्जननी "जुन्या पद्धतीचा" जांघेचा फ्लॅप सुचवला तर दवाखाना मागासलेला आहे असं समजू नका.

ते तीन आठवडे

पुस्तकात या तीन आठवड्यांवर एक ओळ असते. घरच्यांसाठी मात्र सगळ्यात जड काळ हाच.

सिन्नरकडचा एक वायरमन होता, पंचवीस-सव्वीसचा. उजवा हात जांघेला शिवलेला. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "यांना शर्ट घालायचा कसा?" आम्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. तिने नवऱ्याचा जुना शर्ट घेतला, उजवी बाही आणि कडेची शिवण उसवली, तिथे नाड्या लावल्या. पायजम्याचंही तसंच केलं. पुढे तो शर्ट धुऊन पुढच्या पेशंटला, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याला गेला. आता आम्ही ऑपरेशनच्या आधीच सांगतो, असा एक जोड शिवून आणा.

कोपराखाली उशी हवीच. ती सरकली की फ्लॅपवर ताण येतो, आणि हे रात्री झोपेत होतं. म्हणून पहिले चार-पाच दिवस रात्री कुणीतरी जागं राहील अशी पाळी लावा. खोकला आला, शिंक आली तर पेशंटने दुसऱ्या हाताने शिवलेला हात धरायचा. गुडघ्याखाली छोटी उशी ठेवली की पोटऱ्या आणि कंबर कमी आखडते. घामाने जांघेत कातडी चरचरते, तिथे सिस्टरांना विचारून कोरडी गॉझ ठेवा. पोट साफ राहील एवढं पाणी आणि भाजी द्या, कुंथलं की ताण येतो.

फ्लॅपचा रंग दर दोन-तीन तासांनी मोबाइलच्या उजेडात बघा. गुलाबी आणि कोमट, छान. जांभळट आणि तटतटीत, म्हणजे रक्त आत येतंय पण बाहेर जात नाहीये. पांढरट आणि गार, म्हणजे रक्त येतच नाहीये. शेवटच्या दोन्हीत सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

तंबाखू, विडी, मिश्री, गुटखा बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप त्यांच्यावरच जगत असतो. "नुसती मिश्री आहे, धूर थोडाच घेतो" ही सबब रक्तवाहिनीला कळत नाही. भेटायला येणारे मित्र पुडी सरकवतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

आणि जी बोटं मोकळी आहेत ती हलवा. खांदाही, फिजिओ सांगतील तेवढा. तीन आठवडे पूर्ण गप्प ठेवलेला खांदा नंतर तीन महिने रडवतो.

एक गंमत. जांघेची कातडी हातावर आली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही. तिच्यावर तिथलेच केस येतात, आणि माणसाचं वजन वाढलं की पोटाबरोबर हातावरची चरबीही फुगते. पहिल्यांदा हात उशीसारखा दिसतो तो म्हणूनच. पुढे काही महिन्यांनी तो पातळ करण्याचं छोटं ऑपरेशन असतं.

पाचवा टप्पा : पट्टी आणि व्यायाम

इथे माझं काम सुरू होतं असं लोकांना वाटतं. खरं ते पहिल्या रात्रीच सुरू झालेलं असतं, हात छातीच्या वर उशीवर ठेवण्यापासून.

भरणारी जखम आकसते. हा तिचा धर्म आहे, ती कुणाचं ऐकत नाही. हात त्याला बरी वाटणारी ठेवण घेतो : मनगट खाली, बोटं मिटलेली, अंगठा आत. नेमकी हीच ठेवण सर्वांत निकामी. म्हणून स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. हाताची पाठ भाजली असेल तर मनगट थोडं मागे, बोटांचे मुळाचे सांधे वाकलेले, पुढचे सांधे सरळ, अंगठा बाजूला. तळहात भाजला असेल तर पंजा पूर्ण उघडा, पोळीसारखा सपाट. दोन्ही उलट आहेत, त्यामुळे शेजारच्या पेशंटची पट्टी बघून आपली बांधू नका. रात्रीची पट्टी सहसा पुढे बरेच महिने लागते.

व्यायामाला मशीन लागत नाही. परातीत तांदूळ घ्या, त्यात चिंचोके लपवा, डोळे मिटून शोधायला लावा. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे-काढायचे. पीठ मळायचं. ओला रुमाल पिळायचा. त्या वायरमनचा पहिल्या चिंचोक्याला लागलेला वेळ मी घड्याळात मोजला होता, सहा मिनिटं. चिमटीत आला, घसरला, परत आला. तो उचलल्यावर त्याने तो ताटलीत टाकला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा दर दोन तासांनी दहा मिनिटं करा. पट्टी काढून हात हलवला की दुखतो म्हणून आई कळवळते आणि "राहू दे आज" म्हणते. अशा पाच आजांचा मिळून एक आखडलेला सांधा होतो.

जखम पूर्ण बंद झाली की खोबरेल तेलाने दिवसातून दोन-तीनदा वणावर दाबून मालिश. मापाचा प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे वण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा, मिळाला तर तो दिवसाचे २३ तास, साधारण सहा महिने ते वर्षभर घालायचा. उन्हाळ्यात तो नकोसा होतो. दोन जोड घेतले तर एक धुवायला टाकता येतो.

एवढं करूनही अंगठा आणि तर्जनीमधली जागा आवळली किंवा बोट वाकून बसलं तर ते सोडवण्याचं ऑपरेशन असतं. मुलांमध्ये हाड वाढतं आणि वण तेवढा वाढत नाही, म्हणून मुलं मोठी होईपर्यंत अधूनमधून दाखवत राहावं लागतं.

सहावा टप्पा : नसा आणि दोरे

आधी चांगलं झाकण, मऊ पडलेला वण आणि दुसऱ्या हाताने हलवल्यावर पूर्ण हलणारे सांधे. हे तिन्ही असल्याशिवाय पुढचं ऑपरेशन करून काही हाती लागत नाही. म्हणून मध्ये काही महिने "नुसते" जातात.

नस गेली असेल तर बहुधा पोटरीच्या मागची एक संवेदनेची नस काढून जोडतात; बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेचा पट्टा बधिर होतो. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वीतभर अंतर, आता तुम्हीच हिशेब करा. आणि विजेने पोळलेल्या हातात ती शेवटपर्यंत पोचेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तोवर बधिर बोटं सांभाळा. गरम चहाचा पेला, तवा, सायलेन्सर, यांनी दुसऱ्यांदा भाजलेले हात मी पाहिलेत, आणि पेशंटला ते फोड आल्यावर दिसलं होतं.

दोरे तुटून गेले असतील तर कधी दोन ऑपरेशनांत काम होतं : आधी सिलिकॉनची काडी घालून वाट तयार करायची, तीन महिन्यांनी तिच्या जागी मनगटाचा किंवा पायाचा दोरा. कधी चांगल्या चालणाऱ्या स्नायूचा दोरा वळवून दुसऱ्या कामाला लावतात. अंगठाच नसेल तर पायाचं बोट हातावर आणता येतं. दोन्ही पंजे गेलेल्यांसाठी हात प्रत्यारोपण हा पर्याय भारतात २०१५ पासून आहे. पहिलं कोचीच्या अमृता रुग्णालयात झालं. पण त्यात शरीराने परका हात नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात. एका हातासाठी ती किंमत कितपत परवडते, यावर मी तरी घाई करू नका म्हणेन.

कागद

दाखल झाल्या दिवशीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेत असलेल्या दवाखान्यात होतात. प्रत्येक ऑपरेशनची मंजुरी वेगळी लागते, म्हणून त्याच्याशी ओळख ठेवा.

विजेचा अपघात एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंदला जातो, तो नंबर लिहून ठेवा. वीज कायदा २००३च्या कलम १६१नुसार अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे जायला हवी. भरपाई मागताना त्यांचा अहवाल लागतो. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. पेशंट ठेकेदाराकडे कामाला असेल तर त्याला कायद्याने भरपाई मागता येते; आधी त्यासाठी १९२३चा कामगार भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आली. ठेकेदार खाटेजवळ येऊन, पाच-दहा हजार हातावर ठेवून "एवढी सही करा" म्हणतो, तेव्हा पेशंटच्या अंगठ्याचा ठसा कुठेही उठू देऊ नका. अपंगत्वाचा दाखला ४० टक्के किंवा त्याहून जास्त असला की बहुतेक सवलती मिळतात. हात काढला असेल तर तो लवकर मिळतो, नाहीतर उपचार स्थिरावेपर्यंत थांबायला सांगतात. दर आठवड्याला हाताचा एक फोटो काढून ठेवा, कागदांनाही उपयोगी पडतो आणि पेशंटलाही.

नंतर

बरेच जण रात्री दचकून उठतात, बटण दाबायला घाबरतात, हात बाहीत लपवतात. हे महिनोन्महिने चाललं तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. थंडीत हात निळसर पडून ठणकतो, डिसेंबरात लोकरी मोजा घालून झोपायचं.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, डोळे. डोक्याजवळ किंवा खांद्याच्या वर मोठा शॉक बसला असेल तर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी मोतीबिंदू होतो, अगदी पंचविशीतल्या पोरालाही. दाखल असतानाच एकदा डोळ्यांची तपासणी करून घ्या आणि तो कागद फाइलमध्ये लावा, म्हणजे पुढे अंधुक दिसायला लागलं तर डॉक्टरांना शॉकची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.